शेवटचा ई

शाळा छोटी होती, पहिलीपर्यंतचीच. खाली शिशुवर्ग, वर जिन्याला लागून पहिलीचा वर्ग, आणि त्या वर्गात मागच्या भिंतीशी एक बुटकं स्टूल. ते मावशींचं. वर्ग चालू असताना मावशींनी तिथे बसायचं आणि कुणाला शू लागली, कुणाचं नाक वाहायला लागलं, कुणी पेन्सिलीचं टोक कानात घातलं, की उठायचं. मावशींचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण पगाराच्या दिवशी सही करताना त्यांना स्वतःलाही ते क्षणभर आठवावं लागे. मुलं त्यांना मावशी म्हणत, मुलांच्या आया मावशी म्हणत, आणि वयाने पुष्कळ लहान असलेल्या वर्गाच्या बाईही मावशीच म्हणत.

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी घडाघडा वाचायच्या. सामान बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत. इंग्रजीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. त्यांच्या वेळचे सर स्पेलिंग पाठ करून घ्यायचे. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. मावशींना तेव्हा प्रश्न पडला होता की सी, ए, टी एकापाठोपाठ म्हटलं तर ‘सीएटी’ होतं, त्यात ‘कॅ’ कुठून आला? त्यांनी तसं विचारलंही. सर म्हणाले, आला तो आला, तू पाठ कर. पाठ काही झालं नाही. मराठीतला क कुठेही भेटला तरी क म्हणूनच भेटतो; हा सी कधी स तर कधी क, घरात एक आणि बाहेर एक. असल्याशी कोण डोकं लावणार, म्हणून त्यांनी तो नाद सोडून दिला होता.

या बाईंची तऱ्हा वेगळी होती. त्या अक्षराचं नाव आधी सांगतच नसत, आवाज सांगत. बी नाही, ‘ब्’. ओठ मिटायचे आणि एकदम सोडायचे. सगळा वर्ग एकदम ‘ब् ब् ब्’ करायला लागला की उकळत्या पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं वाटायचं. मग बाई फळ्यावर तीन अक्षरं लिहीत आणि त्यांच्याखालून बोट ओढत नेत: क्, अ‍ॅ, ट्. कॅट. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मावशी कुणाची तरी नाकपुडी पुसत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. नाव वेगळं आणि आवाज वेगळा. एवढंच होतं तर ते. सरांनी हे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण तेव्हा ती नुसती गंमत होती. गरज नंतर पडली.

मावशींच्या घरी दोन खोल्या आणि त्यांत माणूस एक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जहाजावर होता. प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर, अगदी तळाच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत तो दिवसभर चादरी आणि टॉवेल धुवायचा, इस्त्री करायचा. समुद्रावर राहून समुद्र दिसत नाही, असं एकदा त्याने गमतीने लिहिलं होतं. निघाला त्या दिवशी उंबऱ्यात वाकून बुटाची नाडी बांधत, मान वर न करता तो म्हणाला होता, “येतो.” घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे मावशींनीच त्याला लहानपणी दटावून शिकवलेलं. तो गेल्यावर त्याची खाट भिंतीशी तशीच राहिली. मग हळूहळू तिच्यावर वाळलेल्या कपड्यांची टोपली आली आणि तिथलीच होऊन बसली.

जहाजावरून फोन लागत नसे. तिथलं इंटरनेट असं कंजूष की आवाज नाही, फोटो नाही, नुसती अक्षरं काय ती पोहोचायची. मुलगा लिहायचा मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, त्याच्या वयाची सगळीच मुलं लिहितात तसं. त्याला वाटे, आई वाचते. आणि मावशींनी त्याला कधी सांगितलं नव्हतं की आई ते वाचत नाही. फोन घेऊन नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जाते आणि तो वाचून दाखवतो.

मोबाइलवाला मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला हळू वाचता येत नसे. दुकानात गाणी लावून त्यांच्यावरून ओरडायची सवय झालेली. “काकू, चिरंजीव म्हणतात पाठीवर घामोळं उठलंय!” म्हटल्याबरोबर दुकानातला एक जण पावडर सांगायचा, दुसरा म्हणायचा पावडर नको, गार पाण्याचा फडका. चार दिवसांनी दूधवाला विचारायचा, पोराच्या पाठीचं कसं काय? म्हणजे पाठ लेकाची, आणि खाजवायला सगळी गल्ली. यावर मावशीही हसायच्या. उत्तर मात्र त्या दर वेळी एकच लिहायला सांगत: मी ठीक आहे, टिकून राहा. चारचौघांत आणखी काय सांगणार?

एका संध्याकाळी मुलाने लिहिलं होतं, आई तुझी आठवण येते. मोबाइलवाल्याने ते सिनेमातल्या नटासारखा गळा काढून, छातीवर हात ठेवून वाचलं. दोन पोरगे काचेवर टेकून उभे होते, ते खिदळले. मोबाइलवाला म्हणाला, “काकू, पोरगं अजून अंगावर पितंय वाटतं.” मावशीसुद्धा हसल्या. पायरी उतरेपर्यंत हसत होत्या. मग घरापर्यंतचा रस्ता त्यांनी फोन पदराखाली धरून काटला, जसं काही त्या फोनला कुणी मारलं होतं. आपलं लिहिणं दुकानात असं वाचलं जातं हे मुलाला कळलं, तर तो आहे तेवढंही लिहायचा बंद होईल. त्याचे शब्द आपले आपण वाचता आले पाहिजेत, एवढंच त्या रात्री त्यांच्या मनात पक्कं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी स्टुलावर कान देऊन बसायला लागल्या. शाळेत प्लास्टिकच्या रंगीत अक्षरांचा एक डबा होता. मुलं ती अक्षरं मांडायची, पाडायची आणि बाईंचं लक्ष नसलं की चोखायची. म्हणून दुपारी मुलं गेली की मावशी ती सगळी साबणाच्या पाण्यात धुऊन फडक्यावर वाळत टाकत. आता त्या एकेक अक्षर पुसताना त्याचा आवाज काढायला लागल्या. म्, न्, प्. सगळ्यांत जास्त ई होते, आणि सगळ्यांत जास्त चावलेलेही तेच.

बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा पर्स विसरली म्हणून त्या परत वर आल्या, तर मावशी पाटीभर अक्षरांसमोर ‘र् र् र्’ करत बसलेल्या. बाई म्हणाल्या, “मावशी, गाडी चालू होत नाहीये का?” मावशी लाजल्या. पण बाई हसून शेजारी बसल्या आणि जीभ कुठे टेकवायची ते दाखवून गेल्या. कशासाठी शिकताय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मावशींनीही सांगितलं नाही.

मग एक दिवस तो शेवटच्या ईचा खेळ झाला. बाईंनी तीन मुलांच्या हातात तीन पाट्या दिल्या, के, आय, टी. वर्गाने वाचलं, किट. आता शेवटी ई उभा राहणार होता, पण ईची पाटी ज्याच्यासाठी होती तो मुलगा तापाने घरी. बाई म्हणाल्या, “मावशी, तुम्ही या.” मावशी पदर खोचून रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना बोट ओठांवर ठेवायला सांगितलं आणि वर्गाला समजावलं, “शेवटचा ई स्वतः गप्प बसतो. पण तो आला की मधल्या अक्षराला आपलं नाव सांगावं लागतं. आता हा इ नाही, आय. किट नाही, काइट.” मग तसंच सी ए के ई, केक, एन ए एम ई, नेम. प्रत्येक शब्दाच्या शेवटी मावशी तोंडावर बोट ठेवून उभ्या. मुलांना फार मजा आली. चष्मा लावणारी एक मुलगी दोन दिवस त्यांना ‘गप्प मावशी’ म्हणत होती. मावशींना ते काम जमलं. गप्प राहून दुसऱ्याला बोलतं करायचं, यात त्यांना शिकण्यासारखं नवीन काही नव्हतं.

घरी बसून त्यांनी मुलाचे जुने निरोप उघडले. पहिल्यांदा वाचलं आणि त्यांना घाबरायलाच झालं. बाईंच्या आवाजांनी वाचलं की ‘आई टु कशि अहेस’ असं काहीतरी होई. पोरगा जहाजावर जाऊन साहेबासारखं मराठी बोलायला लागला की काय! मग लक्षात आलं की तो बिचारा ‘तू’च लिहितोय, पण त्या अक्षरांत त ला वेगळं घरच नाही, ट आणि त दोघे एकाच खोलीत राहतात. ड आणि द, न आणि ण, ल आणि ळ, सगळी अशीच दाटीवाटी. कोण बोलतोय ते आपणच ओळखायचं. मोबाइलवाल्याने वाचलेलं आठवत, चाचपडत, त्या एकेक ओळ सोडवू लागल्या. कधी एका ओळीला एक संध्याकाळ लागायची. पण त्या संध्याकाळी घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

आणि मग नवा निरोप आला. एकच ओळ. मावशी दुकानाकडे वळल्याही नाहीत. दार लावून घेतलं, दिव्याखाली बसल्या, आणि बोट ठेवत वाचायला लागल्या. पहिला शब्द ‘मला’. दुसरा, आय टी एच ई, ‘इथे’. तो तर सारखाच यायचा. शेवटचे दोन ‘वाटत नाही’. राहिला मधला. बी, ए, आर, ई. इथे मावशींना शाळा आठवली. शेवटी ई, म्हणजे तो गप्प. मधल्या ए ने आपलं नाव सांगायचं. ‘बेर’. बेर काय असतं? बेअर? मग एकदम उजेड पडला. सुट्ट्या लागल्या की मुलांच्या आया म्हणतात ना, पोरं घरात बोअर होतात. बोअर! मला इथे बोअर वाटत नाही.

मावशी दिव्याखाली एकट्याच हसल्या. करमतंय त्याला. त्या खिडकी नसलेल्या खोलीत, चादरींच्या ढिगात, करमतंय. कुणी मित्र भेटला असेल, जेवण बरं मिळत असेल. आणि हे आपलं आपण वाचलं, कुणाच्या तोंडून नाही. उत्तर लिहिण्याइतका हात अजून वळत नव्हता, म्हणून त्यांनी मोबाइलवाला लावून द्यायचा ते अंगठ्याचं चित्र शोधलं. वर केलेला पिवळा अंगठा. तो पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, लेक रमलाय बरं का तिकडे. बाईंनाही बरं वाटलं.

त्यानंतर निरोप आला नाही.

आधी मावशींनी मनावर घेतलं नाही. रमलेली मुलं कमी लिहितात. मग त्या फोन स्टुलाखाली ठेवायला लागल्या, मग कमरेला. अंगठ्यासमोर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे तो पोहोचला होता आणि मुलाने पाहिलाही होता. नाक्यावर मोबाइलवाल्याने हटकलं, “काय काकू, दुसरं दुकान धरलं काय?” मावशी ताठ मानेने म्हणाल्या, मी वाचते आता माझी मी. तो म्हणाला, “वा! मग मलाच शिकवा, मला अजून मोठा इंग्रजी कागद आला की घाम फुटतो.” लोक हसले. काय लिहितो हल्ली पोरगा, असंही त्याने विचारलं, पण तेवढ्यात त्याला गिऱ्हाईक आलं, आणि मावशींना उत्तर द्यावं लागलं नाही.

उन्हं कलायला लागली होती आणि वर्ग संपत आला होता त्या दुपारी चष्मेवाली उभी राहिली. वही पुढे धरून तिने तक्रार केली, की बाई तुम्ही म्हणालात शेवटचा ई गप्प, मग हा का बोलतो? एम ई, ‘मी’. एच ई, ‘ही’. बाईंनी तिला शाबासकी दिली आणि सोप्या शब्दांत म्हणाल्या, “अगं, आता या शब्दात बघ. दुसरं कुणी बोलणारं आहे का? एकटाच आहे ना तो? मग तोच गप्प बसला तर शब्द मुकाच राहील.”

मुलांनी दप्तरं भरली. मावशींनी रांग खाली पोहोचवली, वर आल्या, बादलीत साबण कालवला आणि अक्षरं पाण्यात सोडली. एकटा असला की बोलतो. नाहीतर गप्प. मग ‘इथे’ मधला ई? तो तर एकटा नव्हता. त्याच्या आधी आय बसलेला. बाईंच्या नियमाने वाचलं तर ‘आयथ’ व्हायला हवं. पण आपण ते सरळ ‘इथे’ वाचलं, शेवटच्या ईला बोलू दिलं, कारण शब्द ओळखीचा होता. ‘आठवण येते’, त्यातलाही शेवटचा बोलतो. मुलाच्या लिहिण्यात कुठलाच ई गप्प बसत नाही. तो बाईंचं इंग्रजी लिहीतच नाही. तो मराठी लिहितो. आपल्या भाषेत जे लिहिलं ते बोलायचं.

त्यांनी पाण्यातून अक्षरं काढली. बी. ए. आर. ई शोधावा लागला नाही, हाताला तोच आधी लागला. फडक्यावर चार अक्षरं ओळीत मांडली आणि शेवटच्याला बोलू दिलं.

बरे.

मला इथे बरे वाटत नाही.

खालून शाळेचं फाटक लावल्याचा आवाज आला. मुलाला बरं वाटत नव्हतं. कधी तक्रार न करणाऱ्या मुलाने, घामोळ्याच्या पलीकडे काही न सांगणाऱ्या मुलाने एवढं एक वाक्य लिहिलं होतं, आणि आईने त्याला अंगठा दाखवला होता. त्याने तो पाहिलाही होता. त्याला काय वाटलं असेल? आई वाचत नाही, असं तर नक्कीच नाही. आई वाचते, आणि म्हणते, छान.

घरी जाताना पाय आपोआप नाक्याकडे वळले. मोबाइलवाला होता, गाणी चालू होती, काचेला टेकून नेहमीची मंडळी. तो भराभर लिहून देईल, चुकलं होतं बाळा, काय होतंय ते सांग, सगळं. पण आधी मोठ्याने विचारेल, काय लिहू काकू? मावशी विजेच्या खांबाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या.

खाटेच्या कडेला, टोपली जरा सरकवून, त्या फोन घेऊन बसल्या. सांगायचं पुष्कळ होतं. मी चुकीचं वाचलं. मला वाचताच येत नव्हतं. डॉक्टरला दाखवलंस का, जेवतोस का, कुणी त्रास देतं का. यातलं एकही वाक्य त्या अक्षरांत बसवण्याएवढी ताकद बोटांत नव्हती. आणि आजवर त्या मोबाइलवाल्याकडून जे लिहून घेत आल्या होत्या ते ‘टिकून राहा’ तर आता लिहायचंच नव्हतं. करार मोडला तर काय होतं, कंपनी काय म्हणते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मुलगा पुढे काय करणार, ते मात्र माहीत नव्हतं. त्यांनी वाय शोधला. मग ई. दोनच अक्षरं झाली.

ये.

पाठवायच्या आधी त्यांनी ते पुन्हा पाहिलं. यात दुसरं कुणी बोलणारं नव्हतं; ई एकटाच होता. तो गप्प बसला तर नुसता य राहील, आणि त्याचा अर्थ काहीच होणार नाही. तो बोलेल ना? मुलाला ऐकू जाईल ना? त्यांनी बटण दाबलं. एक करडी खूण उमटली. एक म्हणजे इथून निघालं. दोन म्हणजे तिथे पोहोचलं.

पुढे कित्येक दिवस ती एकच राहिली. जहाज कुठल्यातरी मधल्या पाण्यात असणार. मावशी शाळेत जात, नाकं पुसत, अक्षरं धूत. पण आवाज काढत नसत. बाईंनी एकदा विचारलं, बरं नाही का? मावशी म्हणाल्या, आहे की. त्या दिवशी रांग खाली न्यायला बाई स्वतःच गेल्या.

उत्तर आलं ते सकाळी, मावशी कुलूप लावत असताना. किल्ली कुलपातच ठेवून त्यांनी उंबऱ्यात उभ्यानेच वाचलं. वाय, ई, टी, ओ. बाईंच्या आवाजांनी ‘येटो’. मग ओठ हलवून त्यांनी ते आपल्या आवाजात वाचलं.

येतो.

निघताना इथेच, नाडी बांधत म्हणाला होता तोच शब्द. तेव्हा त्याचा अर्थ ‘जातो’ होता. आता कोणता, हे त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं. कधी येतो, हे त्याने लिहिलं नव्हतं. पुढच्या बंदरावर उतरेल, की करार संपल्यावर, की नुसतं आईच्या समाधानासाठी म्हणतोय? चार अक्षरांत एवढं मावत नाही.

मावशींनी कुलूप उघडून पुन्हा दार लोटलं. खाटेवरची टोपली उचलली, जागा शोधली, शेवटी खाली जमिनीवर ठेवली. चादर काढून झटकली आणि अंथरली, चारही कोपरे ओढून, जशी इस्त्री करणाऱ्याला आवडेल तशी. मग घाईने कुलूप लावून त्या निघाल्या. शाळेला उशीर झाला होता. वाटेत नाका लागला, मोबाइलवाल्याने हात वर केला, आणि मावशींनीही केला. पण थांबल्या नाहीत, आणि काय आलंय ते त्याला सांगितलं नाही.